पिन बसली, तरी चित्र का येत नाही? पीएस टू आणि कॅसेटवाला गेम मॉनिटरला जोडताना

ऐरोलीहून तुम्ही विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुमच्याकडे 2006 मध्ये इथेच घेतलेला पीएस टू, म्हणजे प्लेस्टेशन 2, आहे. शिवाय माळ्यावर सापडलेला, त्याहून जुना, कॅसेटवाला टीव्ही गेम आहे, बंदुकीसकट. हॉलमधला टीव्ही संध्याकाळी मोकळा नसतो, म्हणून मुलाच्या टेबलावरच्या 22 इंची मॉनिटरला हे दोन्ही जोडायचे आहेत. मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय असे दोन इनपुट आहेत. तुम्ही ठाणे स्टेशनजवळून एका टोकाला तीन रंगीत पिना आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी केबल आणलीत, गेमची पिवळी-पांढरी-लाल वायर तिला जोडलीत, आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवून बंद झाला. दुकानदार म्हणतो मॉनिटर बिघडलाय. तुम्हाला शंका आहे की केबलच खराब निघाली.

मॉनिटर आणि केबल, दोन्ही ठणठणीत आहेत. नौपाड्यात टीव्ही, मॉनिटर आणि गेम दुरुस्त करत मला वीसेक वर्षं झाली आणि नेमकी ही केबल हातात घेऊन दुकानात आलेली माणसं मी मोजायचं सोडून दिलंय. पिना एकमेकींत बसतात म्हणून वाटतं की काम व्हायलाच हवं. पण केबल सिग्नल नुसता वाहून नेते, बदलत नाही. तुमचा गेम एक भाषा बोलतो, मॉनिटरला दुसरीच समजते. मधे दुभाषी लागतो, आणि कुठला दुभाषी हे तुमच्याकडे काय आहे त्यावर ठरतं.

ही भाषेची गोष्ट नीट समजून घेतलीत तर पुढचा खर्च वाचेल, म्हणून इथे थोडा थांबतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीत एका चित्राच्या 625 रेघा असायच्या आणि अशी पूर्ण चित्रं सेकंदाला 25. गुणाकार केलात तर सेकंदाला 15,625 रेघा. म्हणजे एक रेघ बरोबर 64 मायक्रोसेकंदांत काढून व्हायची. जुने सगळे गेम याच चालीवर बांधलेले आहेत, कारण त्यांना टीव्हीला जोडायचं होतं. संगणकाचा मॉनिटर वेगळ्या घरातला. 1987 मध्ये आयबीएमने व्हीजीए आणलं, ते सेकंदाला साधारण 31,500 रेघांवर, म्हणजे जवळजवळ दुप्पट वेगावर. त्यानंतरचे बहुतेक मॉनिटर याच्या खालचा वेग स्वीकारतच नाहीत. 

कुणी फार शंका काढली तर मी त्यांना टेबलावरच्या ऑसिलोस्कोपशी, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राशी, बोलावतो. पीएस टूची पिवळी पिन प्रोबला लावली की पडद्यावर एक खाच दिसते, मग चित्राची खडबडीत टेकडी, मग पुन्हा खाच. दोन खाचांमधलं अंतर 64 मायक्रोसेकंद. ही खाच म्हणजे सिंक, ‘नवी रेघ सुरू करा’ असा इशारा. मग प्रोब कुठल्याही संगणकाच्या व्हीजीए पोर्टच्या 13 नंबरच्या पिनेवर ठेवतो. तिथे चित्र अजिबात नसतं, नुसते स्वच्छ चौकोनी ठोके, आणि तेही कितीतरी जवळजवळ. मॉनिटर आधी हे ठोके शोधतो: आडव्यासाठी पिन 13, उभ्यासाठी पिन 14. ठोके सापडले नाहीत तर त्याच्या लेखी समोर कुणीच नाही.

आता तुमची केबल बघा. तिच्या तीन पिना व्हीजीएच्या 1, 2 आणि 3 या पिनांना जातात: लाल, हिरवा, निळा. तेरा आणि चौदा रिकाम्याच. तुम्ही पिवळी वायर लावलीत त्यात रंग, उजेड आणि सिंक सगळं एकाच तारेत कालवलेलं असतं. पांढऱ्या-लाल वायरींतून तर नुसता आवाज येतो. म्हणजे मॉनिटरच्या एका रंगाच्या पिनेवर अख्खं चित्र, उरलेल्या दोन रंगांच्या पिनांवर गेमचं संगीत, आणि ठोका कुठेच नाही. ‘नो सिग्नल’ हे अगदी खरं उत्तर आहे. अशी केबल प्रोजेक्टरसाठी असते. काही प्रोजेक्टर व्हीजीएच्या भोकातून कंपोनंट सिग्नल, म्हणजे तीन वेगळ्या वायरींत वाटलेलं चित्र, घेतात, त्यांना ती चालते. दुकानदाराने फसवलंय असं मला वाटत नाही. पिना जुळल्या की चालेल हा समज त्याचाही असणार.

आता तुमच्या दोन गेमचं वेगवेगळं बघू, कारण दोघांचा इलाज एक नाही.

पीएस टूच्या मागचं चपटं सॉकेट फार गुणी आहे. त्यातून पिवळ्या वायरीचा कालवलेला सिग्नल निघतो, तसाच कंपोनंटही निघतो: हिरवी, निळी, लाल अशा चित्राच्या तीन वायरी आणि आवाजाच्या दोन वेगळ्या. पिवळ्यावर अक्षरांच्या कडांना रंग सांडतो, लाल गोष्टी फुगल्यासारख्या दिसतात. कंपोनंटवर तोच गेम चष्मा पुसल्यासारखा होतो. म्हणून पीएस टूसाठी पहिला खर्च कंपोनंट केबलवर करा. कन्व्हर्टर कितीही भारी घेतलात, तरी पिवळ्या वायरीत एकदा कालवलेले रंग त्याला पूर्ण वेगळे करता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र बहुतेकांची राहते. डिस्क न घालता पीएस टू सुरू करा, सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जा आणि ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ या ओळीत आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगवेगळे) असेल तर ते बदलून दुसरा पर्याय, वाय आणि सीबी-सीआरवाला, निवडा. हे काम पिवळी वायर हॉलच्या टीव्हीला लावून पाच मिनिटांत उरका. नंतर कंपोनंट लावल्यावर चुकीच्या सेटिंगमुळे चित्र हिरवट आलं किंवा आलंच नाही, तर मेनू दिसणार नाही आणि तुम्ही अंधारात बटणं दाबत बसाल.

इथून पुढे दोन वाटा. ऑनलाइन एक छोटा डोंगल मिळतो, पीएस टूच्या मागे खोचायचा आणि त्यातून थेट एचडीएमआय. स्वस्त आहे, सुटसुटीत आहे, आणि तुमच्या बाबतीत मी तो आधी घेऊ नका म्हणेन. त्यातले बरेचसे आलेला सिग्नल फक्त डिजिटल करतात, वेग तोच ठेवतात. इथे विकले गेलेले पीएस टू पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला 50 अर्ध्या चित्रांचे (50 हर्ट्झ) आणि इंटरलेस्ड: एकदा एकआड एक रेघा, मग उरलेल्या. टीव्ही एचडीएमआयवरही हे पचवतो. संगणकाचे पुष्कळ मॉनिटर पचवत नाहीत, काळा पडदा दाखवतात. तुमचा मॉनिटर कुठल्या गटात आहे हे मला इथून सांगता येणार नाही. त्याच्या माहितीपत्रकात एचडीएमआयखाली 576आय (‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड) लिहिलं असेल तर डोंगल चालायला हवा. शेजारी कुणाकडे डोंगल असेल तर एक संध्याकाळ मागून आणा, तो सगळ्यात खात्रीचा मार्ग.

दुसरी वाट, जी मी स्वतः माझ्या गिऱ्हाइकांना देतो, ती जीबीएस 8200 नावाच्या उघड्या बोर्डाची. व्हिडिओ गेम पार्लरच्या कपाटांतले जुने पिक्चर ट्यूब मॉनिटर गेले की तिथे एलसीडी बसवायला हा बोर्ड वापरतात. कंपोनंट किंवा आरजीबी घेतो, व्हीजीए देतो, पाच व्होल्टवर चालतो. मूळ सॉफ्टवेअरवर तो जेमतेम बरा आहे. पण त्याला ईएसपी 8266 हा छोटा वायफाय बोर्ड जोडून जीबीएस कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर घातलं की त्याच चिपमधून कितीतरी चांगलं चित्र निघतं, आणि सेटिंग मोबाइलवरून करता येतं. चार-पाच वायरींचं डाग देण्याचं काम आहे. सोल्डरिंग येत असेल तर रविवारी दुपारी होईल, नसेल तर एखाद्या मेकॅनिककडून करून घ्या. बोर्ड मिळेल मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. ऐरोलीहून ठाणे, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड असा प्रवास पडतो, त्यामुळे आधी फोन करून बोर्ड आहे का विचारा. डबी करा किंवा निदान पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. उघडा बोर्ड टेबलावर स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवलेला मला बघवत नाही.

लक्षात ठेवा, हा बोर्ड पिवळी वायर घेत नाही. त्यावर पिवळं सॉकेटच नसतं. म्हणजे तुमच्या कॅसेटवाल्या गेमला त्याचा उपयोग शून्य.

त्या गेमसाठी मी तुम्हाला एक जुनी वस्तू शोधायला सांगणार आहे. साधारण 2005 ते 2010 या काळात आपल्याकडे मॉनिटरवर केबल टीव्ही बघायला एक चपटी डबी मिळायची, टीव्ही ट्यूनर बॉक्स. भाड्याच्या खोलीत राहणारी पोरं हमखास घ्यायची: दिवसा मॉनिटरवर संगणक, रात्री त्याच मॉनिटरवर क्रिकेट. सोबत रिमोट, मागे केबलचं भोक, पिवळं-पांढरं-लाल सॉकेट आणि व्हीजीए. आज ती कुणालाच नको आहे, आणि तुमच्यासाठी तीच नेमकी औषधाची गोळी. 15,625 चा सिग्नल घेऊन ती मॉनिटरच्या वेगाला आणते, 50 चे 60 करते, आणि तिच्यात जुना अ‍ॅनालॉग ट्यूनर असतो. तुमच्या गेमला पिवळं सॉकेट नसून नुसती अँटेनाची वायर असेल, तरी रिमोटवरून ऑटो सर्च मारला की गेम एखाद्या चॅनेलवर सापडतो. ओळखीत विचारा, जुन्या मालाच्या दुकानात विचारा. मला गेल्या वर्षी कळव्याच्या एका बाईंनी अशी डबी बंद संगणकाबरोबर फुकट दिली. आत फक्त दोन कपॅसिटर फुगले होते. ते बदलले आणि तीच डबी आता माझ्या चाचणीच्या टेबलावर आहे.

ती मिळालीच नाही तर पिवळ्या वायरीतून एचडीएमआय करणारा छोटा पांढरा किंवा काळा डबा आहेच, सगळीकडे मिळतो. चित्र येईल, पण तीन गोष्टी माहीत असू द्या. त्याला यूएसबीची वायर लावून वीज द्यावीच लागते. ती न लावता ‘चालत नाही’ म्हणून परत केलेले डबे मी पाहिलेत. तो चौकोनी चित्र ताणून रुंद करतो, त्यामुळे गेममधला सडपातळ माणूस जाडजूड दिसतो. मॉनिटरच्या मेनूत 4:3 असेल तर ते निवडा. तिसरी गोष्ट जरा खोल आहे. कॅसेटवाले गेम सेकंदाला पन्नास-साठ पूर्ण चित्रं काढतात, एकआड एक रेघांची भानगड त्यांच्यात नाही. हा डबा मात्र सगळ्यांना इंटरलेस्डच समजतो आणि दोन वेगळी चित्रं एकात विणतो. मार लागल्यावर लुकलुकणारा खेळाडू आठवतोय? तो एका चित्रात असतो, पुढच्यात नसतो. डबा या दोघांना एकत्र विणतो आणि खेळाडूवर फणीच्या दातांसारखे आडवे पट्टे येतात, तर काही डब्यांवर तो गायबच होतो. ट्यूनर बॉक्सही याबाबतीत निर्दोष नाही, पण मी वापरलेल्या डब्यांपेक्षा बरा.

उशीर हा यातला माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. बटण दाबणं आणि पडद्यावर उडी दिसणं यातलं अंतर. पिक्चर ट्यूबवर ते जवळजवळ नव्हतंच. कन्व्हर्टर एखादं चित्र साठवून मग पुढे पाठवतो, 50 हर्ट्झवर एक चित्र म्हणजे 20 मिलिसेकंद. अशी दोन-तीन चित्रं साठली आणि त्यात मॉनिटरने स्वतःची भर घातली की खड्ड्यावरून उडी मारणारा प्रत्येक वेळी खड्ड्यात जातो. मुलगा म्हणेल हा गेम फालतू आहे, आणि ते मला फार लागतं, कारण गेम उत्तम आहे, मधला डबा आळशी आहे. तुम्हीच मोजून बघा: मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा 240 फ्रेमवर ठेवा, अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्या, बटण दाबल्यापासून उडी सुरू होईपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद. गेमची स्वतःचीही थोडी दिरंगाई त्यात धरली जाते, म्हणून दोन डब्यांची तुलना एकाच गेमवर करा. मॉनिटरमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू ठेवा. याच कारणाने संगणकाला लावायचं स्वस्त यूएसबी कॅप्चर यंत्र खेळायला घेऊ नका. रेकॉर्डिंगला चालेल, खेळताना उशीर उघड जाणवतो.

परदेशातून रेट्रोटिंक किंवा ओएसएससी नावाची यंत्रं मागवता येतात. याच कामासाठी बनवलेली आहेत आणि उशीर जवळपास नाहीच. पण किंमत, वर आयात शुल्क. शिवाय ओएसएससी गेमचा 50 हर्ट्झ वेग तसाच पुढे पाठवतो, मॉनिटरला तो चालला पाहिजे. दोन गेमसाठी मी तो खर्च सुचवणार नाही. दहा-बारा यंत्रं जमवायचा नाद लागला तर मग बोलू.

आवाजाचं सोपं आहे. व्हीजीएतून आवाज जात नाही. दोन आरसीए सॉकेटवरून (पांढरी-लाल पिन बसते तसली) एक 3.5 मिलिमीटरची पिन करणारी छोटी वायर घ्या आणि पांढरी-लाल थेट संगणकाच्या स्पीकरला द्या.

विजेबद्दल मात्र घाई करू नका. कॅसेटवाल्या गेमचा मूळ अडॅप्टर हरवला असेल आणि घरातला कुठलाही गोल पिनेचा लावायचा विचार असेल तर थांबा. काही गेमना पिनेच्या आत प्लस लागतो, काहींना मायनस. गेमच्या तळाशी आणि अडॅप्टरवर छोटं चित्र असतं, ते जुळलं पाहिजे, व्होल्टही जुळले पाहिजेत. उलटा लावलेला अडॅप्टर एका क्षणात गेम मारतो. पीएस टू सडपातळ आणि बाहेरच्या अडॅप्टरचा असेल तर त्याला 8.5 व्होल्ट लागतात, बारा नाही. दुसरं, सगळ्या जोडण्या स्विच बंद ठेवून करा आणि गेम, कन्व्हर्टर, मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. आपल्या जुन्या इमारतींत अर्थिंग अनेकदा नावालाच असतं. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून गळणारा बारीक करंट हाताला झिणझिण्या देतो, आणि चालू असताना पिन खोचली तर व्हिडिओची चिप उडू शकते.

माळ्यावरून काढलेला गेम लगेच सुरूही करू नका. आपल्याकडचे पावसाळे सॉकेटवर हिरवट-पांढरा थर चढवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन सॉकेट आणि कॅसेटचे पितळी दात पुसा, काळं निघायचं थांबेपर्यंत. आणि फुंकर नको. आपण सगळ्यांनी लहानपणी कॅसेटमध्ये फुंकर मारलीय आणि गेम चाललाय, पण चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीतली ओल दातांवर बसून गंज वाढवते.

म्हणजे तुमच्यापुरतं असं: आणलेली केबल परत करा. पीएस टूला कंपोनंट केबल आणि जीबीएस बोर्ड, तिथून व्हीजीए. कॅसेटवाल्याला ट्यूनर बॉक्स, नाहीच मिळाला तर एचडीएमआयचा छोटा डबा. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे पीएस थ्री आहे, त्यांनी यातलं काहीच करू नये. त्याला एचडीएमआय आहेच, मॉनिटरला थेट लावा. पडदा काळा राहिला तर यंत्र बंद करून पॉवर बटण दुसरी ‘बीप’ येईपर्यंत दाबून धरा, ते चित्राचं सेटिंग नव्याने विचारतं. एक्सबॉक्स 360 च्या सुरुवातीच्या यंत्रांना एचडीएमआय नाही, पण त्यांना खरीखुरी व्हीजीए केबल मिळते आणि ती मॉनिटरच्याच वेगाने बोलते.

राहिली बंदूक. मुलाला बदकं मारायला शिकवायचंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगताना वाईट वाटतंय: मॉनिटरवर ती चालणार नाही, कुठलाही कन्व्हर्टर लावा. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा त्या ठरलेल्या क्षणी उजेड दिसतो का ते बघतो. कन्व्हर्टर आणि एलसीडी मिळून तो चौकोन उशिरा दाखवतात, तोवर गेमने ‘हुकला’ ठरवलेलं असतं. तिला पिक्चर ट्यूबच हवी.

पण तुम्हीच शेवटी लिहिलंय की कल्याणला सासूबाईंकडे जुना 21 इंची टीव्ही आहे आणि तो या महिन्यात भंगारवाल्याला द्यायचा आहे. त्यांना आजच फोन करा. तो टीव्ही आणताना पडदा पोटाशी घेऊन उचला, सगळं वजन पुढच्या काचेत असतं. मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद टीव्हीतही ट्यूबवर हजारो व्होल्ट शिल्लक असू शकतात. घरी आल्यावर पिवळी वायर थेट लावा, मधे काहीही नको. बंदूक अगदी जवळून नको, पाच-सहा फुटांवरून धरायला सांगा.